दुखत नाही म्हणाली

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, पण हात धजत नव्हता. गोष्ट घरातली आहे आणि घरातले निम्मे लोक हे वाचतात. (बाबांना विचारूनच लिहितोय, तेव्हा काकू, लगेच फोन करू नये.)

सुरुवात झाली भाचीच्या सेमिनारपासून. ती पुण्यात बायोटेक्नॉलॉजी शिकते. दिवाळीला घरी आली तेव्हा सेमिनारचा विषय होता कोन स्नेल, म्हणजे शंकूच्या आकाराच्या शंखातली समुद्रातली गोगलगाय. दिसायला इतकी देखणी की लोक शंख शोकेसमध्ये ठेवतात. पण ही मासे मारून खाते. गोगलगाईने माशाचा पाठलाग करायचा म्हणजे विनोदच, म्हणून तिच्याकडे भाल्यासारखा एक पोकळ दात असतो. तो माशाला टोचला की एक-दोन सेकंदांत मासा जागच्या जागी ताठ. त्या विषात शंभराच्या आसपास निरनिराळे छोटे छोटे प्रथिनांचे तुकडे असतात, त्यांना पेप्टाइड म्हणायचं. त्यातले काही मज्जातंतू आणि स्नायूंवरची सोडियमची दारं बंद करून टाकतात. बुचासारखं बसतात म्हणे दारात. आत-बाहेर काही नाही, संदेश नाही, हालचाल नाही.

भाची हे सगळं आम्हाला जेवणाच्या ताटावर ऐकवत होती. बाबा शांतपणे भाकरी कुस्करत होते. तिने एक जुनी गोष्ट सांगितली. रुम्फियस नावाचा एक माणूस डचांच्या नोकरीत इंडोनेशियाकडच्या बेटांवर राहायचा. १७०५ साली छापलेल्या त्याच्या पुस्तकात बांदा बेटावरच्या एका गुलाम बाईची हकिकत आहे. जाळ्यात आलेला असा एक शंख तिने हातात धरला. हाताला किंचित गुदगुल्या झाल्यासारखं वाटलं, बस्स. थोड्याच वेळात ती मेली.

"म्हणजे दुखलंसुद्धा नाही तिला," भाची म्हणाली.

बाबांचा हात थांबला. "दुखत नाही म्हणाली?" त्यांनी विचारलं. मग उठले, हात धुतले आणि ओसरीवर जाऊन बसले. ताटात अर्धी भाकरी तशीच.

भाचीला काही कळेना. मला कळलं.

आमचं मालेगाव वाशिम जिल्ह्यातलं. नाशिकचं नव्हे. (हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा बोललोय याचा हिशेब नाही. एकदा तर माझं पार्सल नाशिकच्या मालेगावात आठ दिवस मुक्काम करून आलं.) अकोल्याहून पातूर, मेडशी करत वाशिमला जाताना लागतं ते. आमचं खेडं तिथून दोन कोसांवर. वाशिम जिल्हा झाला १९९८ साली. मी सांगतोय त्या काळी सगळा अकोला जिल्हाच, आणि मोठा दवाखाना म्हटलं की अकोलाच.

१९६७ चा जून. पाऊस आज येतो की उद्या अशी गत. पाऊस यायच्या आत गोवऱ्या न् तुराट्या कोठ्यात भरून घ्यायची घाई असते, आणि विंचू निघायचा हंगामही तोच. बाबा तेव्हा अकरा वर्षांचे, त्यांची धाकटी बहीण सात वर्षांची. म्हणजे माझी आत्या. तिचा फोटो नाही. घरात तिचं नावही फारसं घेत नाहीत, मीही इथे घेत नाही.

संध्याकाळी गोवऱ्या उचलताना तिच्या बोटाला विंचू चावला. लाल, बारका, बोटाएवढा. ओरडली. आजी धावली. पण घरात घाबरण्याचं कारण नव्हतं, कारण विंचू उतरवणारा माणूस घरातच होता.

आमचे आबाजी, म्हणजे बाबांचे वडील, 'इच्चू उतरवायचे'. पंचक्रोशीतून लोक यायचे. पैसे घ्यायचे नाहीत, नारळ घेतला तर घेतला. मंत्र त्यांना त्यांच्या मामांनी ग्रहणात नदीत उभं करून दिलेला. बोंबलत आलेला गडी अर्ध्या-पाऊण तासाने चालत घरी जायचा, हे बाबांनी स्वतःच्या डोळ्यांनी पन्नास वेळा पाहिलंय.

आबाजींनी पोरीला मांडीवर घेतलं, मंत्र म्हटला, कडुनिंबाच्या डहाळीने खांद्यापासून खाली बोटापर्यंत उतरवलं. थोड्या वेळाने आजीने विचारलं, दुखते का वं? पोरगी म्हणाली, "नाई दुखत वं माय आता."

आजी हे वाक्य अगदी पोरीच्या आवाजात सांगायची. मी दहा-बारा वर्षांचा असताना तिच्या तोंडून ऐकलंय.

बायका म्हणाल्या, मंत्र लागू पडला. कोणी आबाजींच्या पाया पडलं. पोरीला उलटी झाली. म्हणाले, इख (विष) बाहेर पडलं. तिला घाम फुटला, इतका की फ्रॉक पिळून काढावा. म्हणाले, घामावाटे उतरतंय, चांगलं आहे. हातपाय गार पडले. म्हणाले, आग शांत झाली. मध्यरात्रीनंतर ती उठून बसली, श्वास घेताना घरघर करायला लागली, तोंडाला लालसर फेस आला. आबाजींनी गाडी जुंपायला सांगितली. गडी बैल सोडून आणेपर्यंत सगळं संपलं होतं.

आता थोडं विज्ञान. घाबरू नका, मला जेवढं कळलं तेवढंच सांगतो, चुकलं तर भाची खाली दुरुस्त करेलच.

आपल्या मज्जातंतूंच्या पडद्यात फार बारीक दारं असतात. बाहेर सोडियम (मिठातलं तेच) गर्दी करून उभं असतं. संदेश आला की दार उघडतं, सोडियम आत घुसतं, त्या धक्क्याने पुढचं दार उघडतं, असा संदेश पुढे पुढे धावतो. आणि एका सेकंदाच्या हजाराव्या भागात दार आपोआप मिटतं. उघडण्याइतकंच हे मिटणं महत्त्वाचं. ही उघडझाप हॉजकिन आणि हक्सली या दोघा इंग्रजांनी माखली जातीच्या एका सागरी प्राण्याच्या जाडजूड मज्जातंतूवर प्रयोग करून गणितात मांडली, १९५२ साली. पुढे १९६३ मध्ये नोबेल मिळालं.

गोगलगाईचं ते पेप्टाइड (वीस-बावीस अमिनो आम्लांचा तुकडा फक्त) या दाराला बाहेरून बूच मारतं. विंचवाचं नेमकं उलटं. त्याच्या विषातलं महत्त्वाचं प्रथिन साठ-पासष्ट अमिनो आम्लांचं असतं, ते दार बंद करत नाही, मिटूच देत नाही. भरलेल्या एस.टी.च्या दारात एखादा पाय अडकवून उभा राहतो ना, तसं. कंडक्टर घंटी मारतोय, दार लागत नाही, माणसं घुसताहेत. मज्जातंतू एका टोचणीवर पुन्हा पुन्हा पेटत राहतात. आपल्या इच्छेविना चालणारी सगळी यंत्रणा, म्हणजे घाम, लाळ, उलटी, हृदयाचे ठोके, रक्तवाहिन्यांचं आकसणं, एकदम उधळते. अॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा शरीरात पूर येतो. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणून हातपाय बर्फासारखे. आवळलेल्या वाहिन्यांतून रक्त ढकलता ढकलता हृदय थकतं, आणि फुप्फुसात पाणी भरतं. तोंडाला येणारा लालसर फेस तो हाच.

गंमत बघा (गंमत हा शब्द इथे बरा नाही, पण दुसरा सुचत नाही), दवाखान्यात विंचू चावलेल्या जागी जे सुन्न करायचं इंजेक्शन देतात, दाताच्या डॉक्टरकडे असतं तेच लिग्नोकेन, ते काम करतं याच सोडियमच्या दारावर. ते दार बंद करतं. म्हणजे विंचवाने उघडं ठेवलेलं दार डॉक्टर गोगलगाईच्या बाजूने जाऊन बंद करतो. वेदना थांबते. पण फक्त बोटापुरती. रक्तात गेलेल्या विषाला त्याचा उपयोग नाही.

हे सगळं १९६७ साली कोणाला माहीत होतं? फारच थोडं. १९६१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये डॉ. मुंडले यांनी विंचूदंशानंतर फुप्फुसात पाणी होऊन माणसं दगावतात हे कळवलं होतं. ७८ रुग्णांपैकी २३ मेले. आणि हे डॉक्टरांच्या हाती पोचलेले रुग्ण. हा आकडा वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही. इतकी वर्षं मी मनातल्या मनात आबाजींवर खटला चालवत होतो, की मंत्र म्हणत बसण्याऐवजी तेव्हाच गाडी जुंपली असती तर. साठेक किलोमीटरवरचं अकोला बैलगाडीने, आणि पोचल्यावरही जवळजवळ तिघांत एकाची ही गत.

पुढचा इतिहास घडला तो महाडला. आणि तो घडवणारा माणूस आमच्याच बाजूचा, याचा मला उगाचच अभिमान वाटतो. डॉ. हिंमतराव बावस्कर, जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातल्या देहेड गावचे. वऱ्हाड नव्हे ते, मराठवाडा. पण विंचवाला कुठे सीमा कळते, त्याचं बिऱ्हाड पाठीवर. गरिबीत शिकले, नागपूरला एम.बी.बी.एस. केलं आणि १९७६ साली महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. (त्यांचं 'बॅरिस्टरचं कार्टं' हे आत्मचरित्र ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी जरूर वाचा.) कोकणात लाल विंचू फार. भात कापताना, जांभ्या दगडाच्या बांधांत, सरपणात. धडधाकट पोरं यायची आणि दुसऱ्या दिवशी मरायची. पुस्तकात यावर धड काही नव्हतं. अॅट्रोपीन, स्टिरॉइड, झोपेची औषधं, ज्याला जे सुचेल ते देत. काही औषधांनी उलट बिघडायचं.

बावस्करांनी काय केलं? रुग्णाच्या खाटेशी बसून राहिले. दर तासाला नाडी, रक्तदाब, हातापायांचा गारवा, घाम, सगळं लिहून ठेवलं. आडगावचं केंद्र, यंत्रं नाहीत. जे डोळ्यांना दिसतं आणि हाताला लागतं ते लिहायचं. त्यातून १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचं लिखाण छापून आलं. विंचू चावल्यावर हृदयावर परिणाम होणार आहे हे आधीच कशावरून ओळखावं, याची लक्षणं त्यांनी सांगितली: उलट्या, भिजवून टाकणारा घाम, हातपाय थंड पडणं, मुलग्यांत लिंगाला येणारी ताठरता. आणि शेवटचं, दंशाच्या जागी सोसवेल इतकंच दुखणं.

सोसवेल इतकंच. जो नुसता बोंबलतोय, ज्याचा हात पेटलाय पण बाकी काही नाही, तो बहुधा वाचतो. विष जागेवर आहे. जो गप्प पडलाय, ज्याला फारसं दुखत नाही, पण अंग ओलं आणि हात गार, तो धोक्यात.

ही ओळ मी भाचीच्या लॅपटॉपवर तीनदा वाचली.

आबाजींचा मंत्र का लागू पडायचा हे त्यात आहे. विंचू चावलेल्यांपैकी बहुतेकांना नुसती वेदना होते आणि ती आपोआप ओसरते, मंत्राने किंवा मंत्राविना. आणि थोड्यांच्या बाबतीत वेदना कमी असते तीच मुळी वाईट खूण. दोन्हीकडे मंत्रच जिंकणार. पहिल्यात माणूस घरी चालत जातो, दुसऱ्यात "नाई दुखत वं माय" ऐकून सगळे निर्धास्त होतात. नाथांनी विंचवावर भारूड रचलं ते काम-क्रोधाच्या विंचवाबद्दल, पण ते गाताना तो नट कसा बोंबलतो आठवा. विंचू म्हटला की बोंब हवीच, ही आपली समजूत किती जुनी आहे! बोंब नाही म्हणजे विष नाही.

उपायही बावस्करांनीच शोधला. रक्तदाबावर प्राझोसिन नावाची एक साधी गोळी होती, १९७० च्या दशकात बाजारात आलेली. ती आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. सोडियमच्या दाराशी तिचं काही देणंघेणं नाही. दार उघडंच राहतं, पण त्यामुळे उठलेल्या वादळात हृदय तगून राहतं. १९८६ साली 'लॅन्सेट'मध्येच त्यांनी ते मांडलं. आधी गंभीर रुग्णांत शंभरातले तीस-चाळीस जायचे, ते प्रमाण त्यांच्याकडे एकाच्या आसपास आलं. काही रुपयांची गोळी! पुढे विंचवावरचं प्रतिविष आलं. ते प्राझोसिनबरोबर दिलं तर काय होतं याचा अभ्यास बावस्कर पती-पत्नींनी (डॉ. प्रमोदिनी बावस्कर याही या कामात बरोबरीच्या) ७० रुग्णांवर केला, आणि तो २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. नुसत्या गोळीने बरं व्हायला सरासरी १७.७ तास, दोन्हींनी ८ तास. म्हणजे ज्या जर्नलमध्ये ५० वर्षांपूर्वी ७८ पैकी २३ चा आकडा छापला होता, त्यातच हा. २०२२ साली बावस्करांना पद्मश्री मिळाली, तेव्हा बाबांनी पेपरातलं कात्रण कापून ठेवलं होतं. मी तेव्हा फार लक्ष दिलं नव्हतं.

गोगलगाईचीही गोष्ट पूर्ण करतो, नाहीतर भाची रागावेल. त्या विषातून औषधही निघालं. फिलिपिन्सचे बाल्डोमेरो ऑलिव्हेरा यांनी अमेरिकेत यूटा विद्यापीठात हे काम उभं केलं, त्यांच्याकडच्या एका अठरा वर्षांच्या पोराने वेगळ्या केलेल्या एका पेप्टाइडपासून बनलेल्या औषधाला २००४ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. कशालाच न जुमानणाऱ्या वेदनेसाठी ते थेट मणक्यात देतात. (ते सोडियमचं नव्हे, कॅल्शियमचं दार बंद करतं. मी आधी चुकीचं लिहिलं होतं, दुरुस्त करून घेतलंय.) आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या के. एस. कृष्णन यांनी भारतीय किनाऱ्यावरच्या या गोगलगाईंच्या विषावर काम केलं. आणि आपला लाल विंचूही त्यात मागे नाही. त्याच्या विषातून १९९० साली वेगळं केलेलं आयबेरिओटॉक्सिन, ३७ अमिनो आम्लांचं, जगभरच्या प्रयोगशाळांत वापरतात. ते पोटॅशियमचं एक दार बंद करतं, आणि ते दार कसं चालतं हे शोधायला लोकांना उपयोगी पडतं. गोवऱ्यांखाली राहणारा हा प्राणी कुठे कुठे पोचला बघा.

असो. मूळ गोष्टीकडे येतो.

आत्या गेल्यावर आबाजींनी मंत्र सोडला असेल, असं मी धरून चाललो होतो. मी बाबांना ओसरीवर जाऊन तेच विचारलं. बाबा म्हणाले, "नाई सोडला." लोक येतच राहिले, आबाजी उतरवतच राहिले. पण एक फरक पडला. माणूस आला की आधी त्याचे हातपाय धरून बघायचे. कपाळावर हात फिरवायचे. जो बोंबलत असेल त्याला बसवून घ्यायचे. आणि जो गप्प असेल, गार असेल, घामाने भिजलेला असेल, त्याला हात लावायचे नाहीत. "याले मालेगावले न्या. आताच्या आता न्या. माह्याच्यानं होत नाही." लोक चिडायचे. पुढे पुढे म्हणायला लागले, पोरगी गेली तेव्हापासून बुढ्याच्या मंत्रातलं बळ गेलं. यायचे कमी झाले. आबाजींनी कधी कोणाला कारण सांगितलं नाही.

ज्यांना पाठवलं त्यातले किती वाचले, बाबांना आठवत नाही.

आबाजींची मंत्राची वही आमच्या लोखंडी पेटीत आहे. मी त्याच रात्री काढून पान न् पान पाहिलं. विंचवाचा मंत्र आहे, मुरमाडाचा आहे, गाईच्या खुरातल्या किड्यांवरचा आहे, १९७२ च्या दुष्काळातल्या उधारीचा हिशेब आहे. गार हातापायांबद्दल एक अक्षर नाही. मला फार वाटत होतं की निघावं. बिरवाडीच्या वहीत जे पुढे लिहिलं गेलं त्यातलं एखादं वाक्य आमच्या पेटीत आधीच असावं, असा तो मोह होता. तो मी सोडला. कदाचित बाबांची आठवणही माझ्या प्रश्नांनी रंगलेली असेल, मी इतकं सगळं सांगून मग विचारलं होतं. पण "माह्याच्यानं होत नाही" हे बाबा ज्या आवाजात म्हणाले, तो आवाज माझ्या प्रश्नातून आलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना बाबांनी विचारलं, "ते गोळी तवा अकोल्यात भेटत होती का रे?"

"नाही बाबा. तेव्हा बाजारात आलीच नव्हती. कुठेच नाही."

"कुठंच नाई?"

"कुठंच नाही."

बाबांनी बशीतला चहा संपवला. "बरं झालं," म्हणाले, आणि सोयाबीन झाकायला ताडपत्री कुठे ठेवली ते शोधायला उठले.